मोगऱ्याचा फवारा

एरोसोल हा शब्द मी केडगावच्या शाळेत दरवर्षी शिकवते. घन किंवा द्रव पदार्थाचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहिले की ते एरोसोल. धुकं, चुलीचा धूर, उसाच्या ट्रॅक्टरमागे उडणारा फुफाटा, शेजारच्याची शिंक, सगळं त्यात आलं. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या काखेत सेंटचे डबे मारतात. पुढच्या तासाला वर्गात पाऊल टाकलं की घामावर गुळगुळीत गोडवा चोपडल्यासारखा वास येतो. मला अक्षरशः शिसारी येते. बटण दाबलं की अंघोळ झाली, हे यांना कुणी सांगितलं कोण जाणे. पण पोरांना तरी किती बोलायचं? गेल्या पावसाळ्यात तिसगावला, माझ्या माहेरी, जे झालं ते थोरामोठ्यांनी केलं.

माझ्या पुतणीला बघायला काष्टीकडची माणसं येणार होती. दादाच्या घराला लागूनच कांदा साठवायची चाळ आहे. भाव येईल म्हणून राखलेला कांदा ओलीनं सडायला लागला होता, फळ्यांखालून काळं पाणी गळत होतं. तो वास नाकात थांबत नाही, थेट घशात उतरतो. आता कांदा पिकवणाऱ्याच्या घरी कांद्याचा वास येणारच, आणि येणारे पाहुणेही शेतकरीच. पण वहिनीला लाज वाटली. तिनं पाथर्डीहून डबे मागवले. खोलीसाठी मोगऱ्याचा, माश्या-डासांसाठी वेगळा आणि दादाच्या शर्टासाठी सेंट.

पुतणीला लहानपणापासून दमा आहे. ती जो पंप ओढते त्यातूनही फवाराच येतो, औषधाचा. त्या दिवशी घरात एवढे फवारे होते आणि गरजेचा असा तो एकच. नेमका तोच लपवायचा ठरला. पोरीला पंप लागतो म्हटल्यावर स्थळ दारातूनच माघारी जातं, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. वहिनीनं तो माझ्या हातात कोंबला.

"वन्सं, तुमच्या पर्समधी ठिवा. पाव्हनं जाईस्तवर काढू नका."

"ठेवते," मी म्हटलं, "पण तिच्या शेजारी मी बसणार."

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली तशी दादानं कांद्याचा वास आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या आणि फवारायला सुरुवात केली. हा माणूस रानात औषध मारताना आधी वारं कुठून आहे ते बघतो, वाऱ्याकडे पाठ करतो, तोंडाला टॉवेल बांधतो, वहिनीला बांधापलीकडं उभं करतो. त्याच माणसानं बंद खोलीत, पोटच्या पोरीसमोर, मोगऱ्याचा अख्खा डबा रिकामा केला. वर माश्यांचाही मारला.

"दादा, हे सगळं तिच्या छातीत जाणार आहे."

"सुगंध हाय, इख न्हाई," तो म्हणाला. "तुझं शास्तर शाळंत ठिव."

मोगऱ्यानं सडका कांदा काही हटला नाही. दोन्ही वास एकमेकांना चिकटून बसले, मेलेल्या उंदराला गजरा माळावा तसे. मुलगा, त्याची आई आणि मामा ओळीनं बसले. मी पोह्याचा पहिला घास घेतला आणि तो मोगऱ्याचा लागला. चहावर तेलकट तवंग होता. तो घास मी रुमालात काढला. पाहुणे मात्र मिटक्या मारत खात होते. मुलाच्या आईनं तर घर कसं घमघमतंय म्हणून कौतुकही केलं. मामानं पोरीला विचारलं, सैपाक येतो का, रानातली कामं जमतात का.

ती उत्तरं देत होती, पण दर दोन शब्दांमागं थांबत होती. खांदे वर चढत होते आणि गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. वहिनी डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. मी पर्स उघडली आणि पंप पुतणीच्या हातात दिला. तिनं सगळ्यांसमोर तो ओढला, श्वास धरून ठेवला, पुन्हा ओढला. पाहुणे पंपाकडे बघायला लागले.

दादा हसला. "तोंडात मारायचा सेंट हाय त्यो. आताच्या पोरी, तोंडाला वास येऊ नये म्हनून मारत्यात."

मामाही हसला. मुलाच्या आईनं मान डोलावली. "बरंय की. टापटिपीची हाय पोरगी."

कांद्यानं नाही, मोगऱ्यानं नाही, पण त्या हसण्यानं मला खरी किळस आली. पोरगी समोर श्वासासाठी झगडतेय आणि बाप ते पाहुण्यांना खुलवून सांगतोय. माझ्या रक्ताचा भाऊ आहे, तरी त्या क्षणी त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि वाईट म्हणजे थाप पचली होती. मामा तारखांचं बोलायला लागला होता.

पुतणीनं पंप पदराआड घेतला नाही. पोह्यांच्या बशीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"सेंट न्हाई हा," ती म्हणाली. "दमा हाय मला. रोज लागतो."

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "मग आदी सांगायचं की," एवढंच ती बोलली. मामानं फोन करून कळवतो म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

गाडी गेल्यावर वहिनी भिंतीला टेकून रडायला लागली. दादा उंबऱ्यात उभा होता. आत न बघताच पोरीला म्हणाला, "घटकाभर कळ काढली असतीस तर जमलं असतं."

माझ्या तोंडात शिवी आली होती, पण पुतणीच आधी बोलली.

"जमलं असतं की, आप्पा," ती बापाला म्हणाली. "मग तिथं जलमभर श्वास चोरून घ्यायचा हुता का मी?"