आवाज बंद, कार्टून चालू

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आम्ही तिघं, म्हणजे मी, राजू आणि प्रकाश, दर दिवाळीला आमच्या गावी, बालाघाटात भेटतो. बस स्टँडजवळ उभ्या उभ्या चहा घेतो. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला त्याचा पुढचा आठवतो. दर वर्षी वाटतं, आता संपले असतील. कुठले संपतात! मागच्या वर्षी दोन मिनिटांचा होता तो या वर्षी दहा मिनिटांचा होऊन येतो, आणि वर प्रत्येक जण शपथेवर सांगतो की अगदी असंच घडलं होतं.

सगळे किस्से एकाच घरातले. लांजेवार काकूंच्या. आणि सगळे कार्टूनचे!

यंदा मात्र दिवाळीपर्यंत थांबता आलं नाही. काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच याची खात्री नाही. ऑपरेशन मंगळवारी आहे. हे कळलं तसा पुण्याहून प्रकाशचा फोन आला, "बबली, काकूचा आवाज गेला तं आपलं सगळं कार्टून गेलं ना बे! रेकॉर्ड करून ठेवू. मी येऊन राह्यलो."

आता काकूंच्या आवाजाचा आणि कार्टूनचा काय संबंध, ते सांगते.

* * *

आमच्या लहानपणी गल्लीत केबल फक्त काकूंकडे. काका तांदळाच्या मिलमध्ये रात्रपाळीचे चौकीदार. मोठ्या मिशा, बोलणं मोजकं, आणि आम्हा पोरांना त्यांची जाम भीती. दिवसभर ते आतल्या खोलीत झोपायचे आणि संध्याकाळी सहाला उठायचे. कार्टून लागायचं चारला! मधे फक्त एक पडदा.

काकूंना मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही तिघं दारात घुटमळत होतो, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवून आत बोलावलं. "बसा. पण आवाज नाई करायचा. काका उठले तं टीव्ही बंद. समजलं?"

टीव्हीचा आवाज शून्यावर. एक बदक तोंड हलवतंय, एक अस्वल शिट्टी फुंकतंय, आणि आम्हाला ओ की ठो कळेना. शेवटी राजूने हळूच विचारलं, "काकू, हे बदक काय म्हणून राह्यलं?"

काकूंचं माहेर गोंदियाकडचं. कार्टून हिंदीत, आणि हिंदी त्यांना बाजारापुरती यायची, त्यामुळे आवाज मोठा असता तरी त्यांना अर्धंच कळलं असतं. त्यांनी क्षणभर टीव्हीकडे पाहिलं आणि बदकाचा आवाज काढून कुजबुजल्या, "अरे बाप्पा! माही चप्पल कोनं नेली?"

झालं! त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं आम्ही जगातलं सगळं कार्टून काकूंच्या कुजबुजीत, आपल्या बोलीत पाहिलं. नावंही त्यांनीच ठेवली. छत्री घेऊन फिरणारं आणि दर मिनिटाला धपकन खाली बसणारं ते बदक म्हणजे फतकल्या. शिट्टीवालं पोलीस अस्वल म्हणजे जमादार. त्यांची खरी नावं मला आजही माहीत नाहीत, आणि कोणी सांगायलाही येऊ नका.

* * *

काकू आम्हाला रोज खायला द्यायच्या. पहिल्या दिवशी मुरमुरे दिले, तर तिघांचा मिळून असा कुरुमकुरुम आवाज झाला की काकूंनी वाट्या काढून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून केळी. बिनआवाजाचं फळ!

खाण्याचा प्रश्न सुटला, हसण्याचा सुटेना. नियम असा की हसू आलं की स्वतःची ओढणी नाहीतर शर्टाची कॉलर तोंडात कोंबायची. माझ्या तेव्हाच्या सगळ्या ओढण्यांना टोकाशी भोकं होती. आई म्हणायची, "कपाटात उंदीर झाले वाटते."

एकदा जमादार झाडाखाली पडला आणि काकू त्याच्या आवाजात कुजबुजल्या, "पडलो नाई जी, जमीन चेक करून राह्यलो!" राजूने कॉलर चावली, उशी चावली, तरी शेवटी तो फुटलाच. असा फुटला की कोपऱ्यातली पाण्याची कळशी लवंडली आणि गडगडत पडद्यापर्यंत गेली.

आम्ही श्वास रोखून बसलो. आत खाट करकरली. काकांनी कूस बदलली असावी, पण ते उठले काही नाहीत. काकू शांतपणे म्हणाल्या, "जमीन चेक झाली असन तं ते पानी पुसून घे बाप्पा."

* * *

त्या कार्टूनमध्ये एक कोल्हा होता आणि एक कोंबडी होती. कोल्हा रोज हातात काटा-चमचा घेऊन, गळ्यात रुमाल बांधून कोंबडीच्या मागे धावायचा. कशासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण आम्हाला कळलं नाही, कारण काकूंचा कोल्हा धावता धावता म्हणायचा, "अवो बाई, ताट वाढून ठेवलं हाय! दोन घास खाऊन तं जा!"

आणि कोंबडी जिवाच्या आकांताने पळत ओरडायची, "नाई जी, मी घरून जेवूनच निंगाली!"

माझा तर पक्का समज झाला होता की कोल्ह्याची बायको सुगरण आहे आणि कोंबडी फार संकोची आहे. खरं काय ते मला कॉलेजात कळलं. आणि खरं सांगू? अजून पटत नाही.

मागच्या वर्षी राजूकडे राजेगावला गेले होते. तो तिथे मास्तर आहे. परत निघाले तर एक भलंमोठं कुत्रं माझ्या स्कूटीमागे लागलं. मी घाबरून रडकुंडीला आले. राजू ओट्यावरून हात हलवत ओरडला, "थांब ना वं बबली! जेवाले बलावून राह्यलं ते!"

मला इतकं हसू आलं की मी स्कूटी थेट शेणाच्या ढिगात घातली. कुत्रंसुद्धा थबकून बघत राहिलं.

* * *

पाचवीत असताना हिंदीच्या मॅडमनी निबंध दिला, 'मेरा प्रिय कार्टून'. मॅडम जबलपूरच्या, नवीनच आलेल्या. मी मन लावून लिहिलं, "मेरा प्रिय कार्टून फतकल्या है। वह बदक है। उसकी मौसी किरनापुर में रहती है। वह हर बुधवार को सिंघाड़े बेचने वारासिवनी जाता है। बस में उसका टिकट नहीं लगता क्योंकि कंडक्टर उसके गाँव का है।"

मॅडमनी मला उभं केलं. "बेटा, ये कार्टून कौन से चैनल पे आता है?"

मी छाती फुगवून सांगितलं, "मैडम, लांजेवार काकी के घर पे!"

दहापैकी तीन मार्क मिळाले. घरी जाऊन काकूंना वही दाखवली तर त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं मार्कांसाठी रडतायत. म्हणून मी म्हटलं, "जाऊ द्या ना काकू, राजूले तं दोनच पडले."

* * *

मग एकदा आमच्यावर मोठंच संकट आलं. मिलच्या मालकाने काकांना दिवसपाळी देऊ केली. पगार तोच आणि झोप रात्रीची. गल्लीतल्या सगळ्यांना आनंद झाला. आम्हाला मात्र कळेना की हसावं की रडावं. काका दिवसा घरी नसले की टीव्हीचा आवाज मोठा करता येणार, आणि आवाज मोठा झाला की काकूंचा फतकल्या कायमचा मुका होणार!

 त्या दिवशी काकूंनी जमादाराला एकही वाक्य दिलं नाही. तो नुसताच शिट्टी फुंकत इकडून तिकडे फिरला. राजूने मारुतीला नारळ कबूल केला.

दोन दिवसांनी कळलं की काकांनी दिवसपाळी नाकारली. समोरच्या आजोबांनी त्यांना ओट्यावर गाठून विचारलं, "काहून नाई घेतली जी?"

काका म्हणाले, "दिवसाचं ऊन लागते मले."

"अरे, मिलमधे तं सावलीत बसाचं हाय!"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "सावली बी लागते."

* * *

प्रकाश पुण्यात कंपनीत आहे. बायको इंदूरची, त्यामुळे घरात सगळं हिंदी. त्याची मुलगी पाच वर्षांची. एक दिवस ती मोबाइलवर जुनं कार्टून बघत बसली होती आणि प्रकाशची नजर गेली तर साक्षात फतकल्या! तोच तो, छत्री घेतलेला, धपकन बसणारा. पण आवाज? कोणीतरी शहरी माणूस नाकातून बोलत होता!

प्रकाश सांगतो, "असं वाटलं, आपल्या माणसाच्या घरात कोणी भलताच घुसून बसला." त्याने सरळ आवाज शून्यावर केला, पोरीला मांडीवर घेतलं आणि कुजबुजायला सुरुवात केली, "अरे बाप्पा! किरनापूरची बस निंगून गेली वाटते!" पोरगी खिदळायला लागली. अर्धा तास हे चाललं होतं.

स्वयंपाकघरातून त्याची बायको येऊन उभी राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण तिने नवऱ्याच्या तोंडून ही बोली कधी ऐकली नव्हती. "ये कौन सी भाषा है जी?"

 प्रकाशच्या आधी पोरगीच म्हणाली, "मम्मा, कार्टून की!"

हा किस्सा तो सांगतो तेव्हा आम्ही हसतो आणि मग आणखी एकेक चहा मागवतो. लोक विचारतात, एवढी मोठी झालात, अजून कार्टूनचं काय कौतुक? अहो, ते बदक रोज पडायचं आणि रोज उठायचं, त्याला कोणी मार्क विचारले नाहीत. कोल्ह्याने कोंबडीला कधी खाल्लं नाही. आणि त्या सगळ्यांना बोलायला शिकवलं ते एका बाईने, शेजारच्या तीन पोरांसाठी, सहा वर्षं, रोज चार वाजता. आम्ही तिचे कोणी लागत नव्हतो. हे उपकार कसे फेडायचे ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

तर कालचा शनिवार. प्रकाश पुण्याहून आला, राजू राजेगावहून आला. प्रकाशने जुनी कार्टून इंटरनेटवरून शोधून काकूंच्या टीव्हीला जोडली. आवाज शून्यावर. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून काकूंसमोर ठेवला.

काकूंनी मोबाइलकडे पाहिलं, पदर सावरला, घसा खाकरला आणि बातम्या सांगितल्यासारखं सुरू केलं, "नमस्कार. हे एक बदक आहे. ते पाण्यात राहते."

"काकू, असं नाई ना वं!" राजू कळवळला.

पुन्हा केलं. "हे अस्वल आहे. ते पोलीस आहे." तिसऱ्यांदा तर त्यांनी कोल्ह्याला 'श्रीमान' म्हटलं! आम्ही हात जोडले, केळी आणून दिली, मोबाइल उशीखाली लपवला. काही उपयोग नाही. काकूंचा चेहरा उतरत चालला. "नाई जमत रे पोट्टेहो. गेलं ते. राहू द्या आता," असं म्हणताना त्यांचा आवाज आधीच फाटत होता. आणि मंगळवार तर डोक्यावर आलेला.

मग त्या हळूच म्हणाल्या, "हे बसून हायेत ना समोर. कसं होईन?"

काका खुर्चीत पेपर वाचत बसले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी दुपारी कधी डोळा मिटलेला नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्यांनी पेपराची घडी केली. "मले झोप येऊन राह्यली," असं कोणाकडेही न बघता म्हणाले आणि आत गेले. पडदा ओढला. खाट करकरली. मी फटीतून पाहिलं, तर एवढ्या उकाड्यात डोक्यावरून चादर!

काकू टीव्हीकडे वळल्या. फतकल्या धपकन बसला. आणि काकू कुजबुजल्या, "आई गं! खुर्ची कुठी गेली माही?"

आला! तोच आवाज आला! राजूने कॉलर तोंडात घातली. चाळीस वर्षांचा मास्तर! मी ओढणी कोंबली. प्रकाशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. वीस मिनिटं काकू थांबल्या नाहीत.

मग कोल्हा-कोंबडी आलं. कोंबडी जीव घेऊन कौलांवर चढून बसलेली, कोल्हा खाली काटा-चमचा घेऊन उभा. कोंबडीची चोच हलायला लागली आणि काकू अडखळल्या. आठवेना. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. राजूने नाही म्हणून मान हलवली. प्रकाशला आठवेना, मलाही आठवेना. चोच हलतच होती. काकूंचा हात गळ्याकडे गेला.

तेवढ्यात पडद्यामागून, चादरीतून, एक जाडाभरडा आवाज कुजबुजला, "वांग्याची भाजी असन तं मी खाली नाई उतरत, म्हणते ते."

आम्ही तिघांनी गर्रकन पडद्याकडे पाहिलं.

काकूंनी मान वळवली नाही. त्या टीव्हीकडेच बघत होत्या.

"माहीत हाय मले," त्या कुजबुजल्या. "तुमी झोपा."