आपट्याच्या बुडाची माती

नगरातल्या एका बागेत गोरक्ष नावाचा माळी होता. माणसांशी फटकळ, झाडांशी मात्र मेणाहून मऊ. मुलगा कानिफनाथ जन्मला त्या वर्षी त्यानं डोंगरातल्या रानातून आपट्याचं रोप आणून बागेच्या कोपऱ्यात लावलं. पुढं पोरगं लढाईवर गेलं, आणि त्याची आई चांगुणा रोज ते झाड बघून यायला लागली. झाड हिरवं तोवर पोर खुशाल, असं तिनं मनाशी धरलं होतं. गोरक्ष तिला हसायचा, पण पहिली घागर त्याच झाडाला घालायचा.

लढाईच्या त्या दिवसांत शहर चहूकडं वाढत सुटलं. छावणीत नव्या बराकी, पेठांत माड्या. राडारोडा आणि उरलासुरला चुना टाकायचा कुठं, तर बागेच्या कोपऱ्यात. सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण? माती पांढरीफटक पडली, वर माणसांच्या पायांनी दगडासारखी घट्ट झाली. आपटा पिवळा पडत चालला.

गोरक्षकडं वाडवडिलांचा एक उपाय होता. आजारी झाडाला त्याच्या आईच्या, म्हणजे ज्या झाडाखालून रोप आणलं त्या झाडाच्या, बुडाची माती घालायची. पाटी घेऊन तो डोंगरात गेला आणि बघतच राहिला. जुन्या आपट्याची मुळं उघडी पडली होती. भोवतालचं रान सरपणाला तुटलेलं, पाचोळा वीटभट्ट्यांसाठी झाडून नेलेला, आणि माती बंगल्यांच्या बागांसाठी गाड्या भरभरून उचललेली. त्या बंगल्यांच्या माळ्यांना ही जागा त्यानंच दाखवली होती, मोठ्या कौतुकानं. 'लई गुनाची माती हाय,' म्हणाला होता. आता त्याला स्वतःच्याच जिभेचा राग आला. मुळांच्या बेचक्यात पाटीभर माती उरली होती. त्यानं खुरपं लावलं, आणि मागं घेतलं.

रिकामी पाटी घेऊन तो बागेत परतला. चांगुणा झाडापाशीच बसली होती.

"माती कुठाय?"

"त्या म्हाताऱ्या झाडाच्या अंगावर येकच फडकं उरलंय," तो म्हणाला. "ते कसं वढून आनू?"

"आन माझ्या पोराचं काय?"

गोरक्षनं पाटी खाली ठेवली.

ती उठून घरी गेली. परतली तेव्हा पदरात माती होती. दारातली तुळस उपटून तिच्या बुडाची माती तिनं आणली होती. गोरक्षनं तिला अडवलं नाही. तिनं ती काळी माती आपट्याच्या बुडाशी पसरली. बघता बघता ती चुन्याच्या फक्कीत मिसळून पांढरी झाली. चांगुणा तरी दोन्ही हातांनी ती दाबतच राहिली.