खैरूनबीच्या भट्टीतलं खमीर

विजापूर वेशीच्या आतल्या अंगाला लाडलेसाहेबांची पावभट्टी होती. गिरणीचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत पाव तयार असत आणि पाळीला निघालेली माणसं चहात बुडवून खायला ते घेऊन जात. एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात लाडलेसाहेब विषमज्वरानं गेले. पोटी मूल नव्हतं. नवऱ्यामागं घरात राहायची इद्दतीची मुदत पाळून झाली, तशी त्यांची बायको खैरूनबी डोक्यावर पदर घेऊन स्वतः भट्टीवर येऊन बसली. पीठ मळायला दीर हुसेनसाहेब होते, तेव्हा धंदा चालेल अशी तिची खात्री होती.

पहिल्याच संध्याकाळी मागच्या दारानं मंद्रूप गावचा शेतकरी सिद्धप्पा आला आणि फडकं बांधलेलं मडकं त्यानं खाली ठेवलं. तिनं फडकं सोडलं. आंबूस, डोक्यात जाणारा वास आला.

“हे काय?”

“शिंदी की. पीठ फुगायला. साहेब रोज घ्यायचे.”

नशेची, धर्मानं वर्ज्य केलेली ती शिंदी पाहून खैरूनबीनं फडकं परत बांधलं. लग्न होऊन आल्यापासून ती हाच पाव खात होती, याच पावानं कित्येकदा रोजा सोडला होता. नवऱ्याचा मात्र तिला राग आला नाही. तो पुण्याच्या लष्करात भट्टीचं काम शिकला, तिथं जसं चालत होतं तसंच इथं चालवलं. सगळ्या भट्ट्या हेच करतात, असं दीरानंही सांगितलं.

ती मशिदीच्या पेशइमामांकडे गेली आणि पडद्याआडून सगळं विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. शिंदी नशा आणते, म्हणून ती घातलेलं पीठच नापाक झालं, असं काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, म्हणतात. भाजल्यावर नशेचा अंश उरत नाही, शिवाय हा पाव घरोघर खाल्ला जातो, म्हणून काही जण सूट देतात. दोन्हीकडे मोठी माणसं आहेत, जिथं तुमचं मन साफ राहील तिथं राहा, असं त्यांनी सांगितलं.

घरी येऊन तिनं दीराला सांगितलं की यापुढं शिंदी नको, आणि का नको तेही गिऱ्हाइकाला सांगायचं. हुसेनसाहेब चिडले. गुपचूप बदल करा, पण बोभाटा करून मेलेल्या माणसाच्या नावाला काळिमा का लावता, असं त्यांचं म्हणणं. खैरूनबी घरच्या दखनी बोलीत हळूच म्हणाली, “त्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांनी कुणाला फसवलं नाही. मला आता कळलंय. कळूनही मी लपवलं, तर ती फसवणूक माझी.”

सिद्धप्पाला नाही म्हणणं सगळ्यात जड गेलं. तो मडकं घेऊन तसाच उभा राहिला. तिनं विचारलं, “रानात दुसरं काय होतं तुमच्या?”

“हरभरा हाय.”

“मग तोच आणा. मला लई लागंल.”

तिची आई हरभरा भरडून, बडीशेप घालून, कोमट पाण्यात उबेला ठेवून खमीर करायची. फेस आला की त्यात पीठ भिजवायचं. आईच्या त्या रोट्या तिला आठवत होत्या, पण प्रमाण आठवत नव्हतं. सुरुवातीचे पाव विटेसारखे झाले. भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ती कारण सांगायची. कुणी तोंड वाकडं करून गेलं ते परत आलंच नाही. गिरणीतले पुष्कळ जण हसले, म्हणाले, बाई, आम्हाला शिंदी चालते, पाव मऊ करा. थंडीत तर खमीर उठायचंच नाही. तिनं भांडं गोधडीत गुंडाळून भट्टीच्या भिंतीला लावून ठेवलं आणि राखणीला स्वतः बसली. एका पहाटे हुसेनसाहेबांनी झाकण काढलं, तर फेस काठापर्यंत आलेला. ते बाह्या वर सारून मळायला बसले.

हळूहळू बडीशेपेच्या वासाच्या त्या पावाला नाव झालं. रमजानात पेशइमामांच्या घरून मागणी आली. लाडलेसाहेबांच्या नावाला कुणी बोट लावलं नाही, भट्टी त्यांच्याच नावानं राहिली.

पुढं शहरातले एक भट्टीवाले तिच्याकडे आले. लोक तुमचं नाव घेऊन आमच्या पावाला हराम म्हणतात, तुम्हीच काय ते सांगा, असं म्हणू लागले. तिनं त्यांना बसवून चहा दिला.

“मी काही आलिम न्हाय,” ती म्हणाली. “माझ्या भट्टीत काय पडतं, तेवढंच मला ठावं. पण खमीर कसं करायचं ते शिकायचं असंल, तर उद्या पहाटे या.”

ते आले. तिनं हातचं काहीही न राखता शिकवलं.