संहितेच्या तीन प्रती

"थंय उबो रावल्यार सुचतलें, सायबा," रंगावर उभं राहिलं की सुचेल, असं म्हणून ते दशावतारी नट माझ्या टेबलाला हात लावून कपाळाला लावत आणि मगच खुर्चीत बसत. नाटकवाल्याला कुठलीही फळी रंगमंचच वाटते. तो नमस्कार मलाच आहे, असं मी मात्र कितीतरी महिने समजत होतो.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. पणजीच्या एका सरकारी कचेरीत मी लोककलांच्या अनुदानाचे अर्ज तपासत असे. ते पेडण्याकडचे, साठीला आलेले, दशावतारात राजा होणारे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: रंगावर भरजरी मराठी, खाली उतरलं की घरची कोंकणी. त्या दिवसांत अर्जातला भाषेचा रकाना भरताना भलेभले कचरत. यांनी दोन्ही लिहून पुढे 'जाय तशी', म्हणजे हवी तशी, अशी पुस्ती जोडली होती.

घोडं अडलं होतं ते संहितेपाशी. नियम होता, तीन प्रती जोडा. दशावतारात कथा ठरलेली असते, संवाद नट उभ्या उभ्या रचतो. "कागद खंयचो?" ते विचारत. मी अर्ज परत करी. तिसऱ्या खेपेला त्यांनी मनातलं सांगितलं. त्यांच्या मंडळीत आईचं काम करणारा गडी साखळीला खाणीच्या ट्रकवर लागणार होता. अनुदान आलं तरच थांबणार होता.

"तो गेलो जाल्यार मंडळी मोडली, सायबा."

मला दया आली. दया आली की माझ्यातला साहित्यिक जागा होतो. दोन रविवार खपून मीच संहिता लिहिली. सुरुवात 'हे जननी, तव वियोगानले' अशी. बायकोला दोनदा वाचून दाखवली. तिने तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

मग प्रयोगाची पाहणी. पेडण्याच्या एका शाळेत, भर दुपारी. पहिल्या रांगेत संहिता मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून मी. लहानपणी टाकून गेलेली आई राजाला भेटते, असा प्रसंग. 'हे जननी'वर ते अडखळले. पुन्हा अडखळले. लोक हसले. तेव्हा त्यांनी माझं वाक्य सोडून दिलं आणि हळूच विचारलं, "टाकून निघालीस तेव्हा मी रडत होतो, का झोपलो होतो, आई? एवढंच सांग."

आई झालेला तो गडी खरोखरच हुंदके देऊ लागला. माझं बोट कुठल्या ओळीवर होतं, आठवत नाही. नंतर चष्मा पुसून मी अहवाल लिहिला: 'सादरीकरण संहितेनुसार झाले नाही.' म्हणजे अनुदान नाही; नियमच तसा होता. आणि खरं सांगतो, माझ्या 'जननी'चा अपमान झाला याचं थोडं वाईटही वाटलं होतं.

दोन दिवसांनी ते आले. अहवाल माझ्यासमोर पालथा पडला होता.

"सायबा, तुमी रडटाले न्हय?"

"रडत होतो."

"मागीर जालें काम!"

मग काम झालंच, असं धरून ते उठलेच. अहवाल मी पालथाच राहू दिला. खिडकीतून पाहिलं तर खाली तो गडी वाट पाहत होता. त्याच्या पाठीवर थाप मारून ते ओरडले, "जालें रे! ट्रकार वचूं नाका!"

मी खिडकी लावून घेतली. अहवाल त्याच दिवशीच्या टपालात गेला. मला अजून लाज वाटते. ते पुन्हा कधी कचेरीत आले नाहीत, भांडायलासुद्धा.