तुळशीराम घरत यांचं उत्तर

पनवेलच्या एका सरकारी कार्यालयात तुळशीराम घरत ज्येष्ठ सहायक होते. नवा साहेब रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या कानावर घालायचं, की अधिवेशन लागलं की घरतांची रजा मंजूर करायची नाही. साहेब विचारायचा, का. तर उत्तर यायचं की विधानसभेत मंत्री जे बोलतात ते घरत लिहितात.

यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. तो प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात, मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला असा पायऱ्या उतरत येतो आणि ज्या कार्यालयाबद्दल तक्रार आहे त्याच कार्यालयातल्या एका टेबलावर बसकण मारतो, हे पुस्तकात नसतं. आरोपीनंच आपला निकाल लिहून न्यायाधीशाकडे सहीला पाठवावा, अशी ही सोय आहे. पनवेलात ते टेबल घरतांचं होतं.

प्रश्नांचा साचा ठरलेला असे. अमुक गावचा रस्ता उखडला आहे, हे खरे आहे काय; असल्यास काय कार्यवाही केली; नसल्यास विलंबाची कारणे काय. याला सरळ ‘नाही’ म्हणायला घरतांचा विरोध होता. खोटं पकडलं जातं, आणि खरं बोललेलं त्याहून लवकर पकडलं जातं, असं ते नव्या लोकांना समजावत. त्यांचं लाडकं वाक्य होतं ‘अंशतः खरे आहे’. रस्त्यावर खड्डे आहेत हे खरं, मात्र वाहतूक सुरळीत सुरू आहे. डॉक्टरचं पद रिक्त आहे हे खरं, मात्र पदाचा कार्यभार सोपवण्यात आला आहे. तो ज्याला सोपवला तो डॉक्टर तीन गावं पलीकडे बसतो, हे कुणी विचारलेलं नसे, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायला घरत काही वेडे नव्हते.

एका हिवाळी अधिवेशनाला साहेबांनी त्यांना नागपूरला नेलं. अधिकाऱ्यांच्या कक्षात मागच्या रांगेत ते बसले आणि समोर मंत्र्यांनी त्यांचं उत्तर वाचलं. एका जागी मंत्री स्वल्पविराम विसरले तेव्हा घरतांच्या छातीत कळ आली. बाकी सगळं, स्नेहसंमेलनात लेक पाठांतर म्हणत असताना आईचे ओठ हलावेत, तसे ते ओठ हलवत ऐकत होते. प्रश्न विचारणारे आमदार तोवर बाहेर गेले होते. खांदा कॉलनीत परतल्यावर बायकोला, माधुरीला, त्यांनी संत्र्यांची पिशवी दिली आणि पुढचे कितीतरी दिवस तोच प्रसंग सांगितला. माधुरी ऐकून घेई. एकदाच तिनं विचारलं, की मग त्या गावाचं काय झालं. घरतांना गावाचं नाव आठवेना.

त्यांचं स्वतःचं गाव चिंचखार. पनवेलहून उरणच्या वाटेला लागलं की आत खाडीच्या एका फाट्याकाठी. थोरला भाऊ काळूराम तिथंच राहत होता. थोडी शेती, थोडी मासेमारी. आजूबाजूला उलव्याच्या इमारती उठल्या, डोक्यावरून विमानं जायला लागली, पण चिंचखारच्या माणसाला पलीकडच्या काठावरच्या एसटी थांब्यावर जायचं तर विजेचा एक जुना खांब आडवा टाकलेला होता, त्यावरून तोल सांभाळत जावं लागे. बायका डोक्यावर म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची टोपली घेऊन जात, पोरं दप्तर घेऊन जात. तिथं एक साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता लहान पूल, व्हायचा होता. घरतांच्या कार्यालयाच्या दप्तरी तो झालेला होता.

हे घरतांना ठाऊक होतं. मागे एकदा कुठल्याशा आमदारानं तालुक्यातल्या सगळ्या साकवांबद्दल प्रश्न टाकला होता, तेव्हा आलेल्या अहवालावरून घरतांनीच लिहिलं होतं, की चिंचखारसह सर्व ठिकाणची कामं पूर्ण झाली आहेत. लिहिताना गावाच्या नावाशी त्यांचा हात जरा थबकला होता. पण अहवाल वरून आला होता, आणि अहवालाच्या पुढं जाऊन गावाला कशाला ओळख दाखवायची. पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा त्याच खांबावरून पलीकडे गेले. नव्या चपला हातात घेतल्या होत्या.

श्रावण संपता संपता काळूराम त्या खांबावरून घसरला. ओहोटी होती, खाली चिखल आणि दगड. पाय दोन जागी मोडला. पनवेलच्या दवाखान्यात तुळशीराम रोज डबा घेऊन जात, उशाशी बसत. काळूरामनं साकवाचा विषय काढला की ते म्हणत, दादा, आधी पाय बरा होऊ दे. तिसऱ्यांदा हेच ऐकल्यावर काळूरामनं विषय काढायचं सोडलं आणि गावातल्या चार माणसांना घेऊन कुबड्यांवर थेट एका आमदाराचं घर गाठलं.

हे आमदार निवडून आलेले दूरच्या जिल्ह्यातून, पण त्यांचा फ्लॅट खांदा कॉलनीत होता आणि ते विरोधी पक्षात होते. विरोधी आमदाराला मोडलेला पाय म्हणजे काय, ते काळूरामला त्या दिवशी समजलं. आमदारांनी त्याला स्वतःच्या सोफ्यावर बसवलं, प्लास्टरवर हात ठेवून फोटो काढून घेतला, आणि सभागृह डोक्यावर घेतो म्हणून शब्द दिला.

दिलेला शब्द पायऱ्या उतरत बरोबर आला. एका सकाळी घरतांनी पाकीट उघडलं. मौजे चिंचखार येथे साकव अस्तित्वात नसल्याने श्री. काळूराम घरत या ग्रामस्थाचा पाय मोडला, हे खरे आहे काय.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पाणी प्यायले. मग उठून साहेबांकडे गेले आणि चाचरत म्हणाले, की हा काळूराम माझा सख्खा भाऊ, हे उत्तर दुसऱ्या कुणाकडून घ्यावं. साहेबांना आनंदच झाला. म्हणजे घरची माहिती आहे तर, ते म्हणाले, मग तुमच्याइतकं अचूक कोण लिहिणार.

अडचण खरी होती. साकव नाही म्हणावं तर मागचं उत्तर खोटं ठरतं आणि मंत्री अडकतात. साकव आहे म्हणावं तर माणूस त्यावरून पडला, म्हणजे साकव धड नाही. साहेब, त्यांच्या वरचे साहेब आणि त्यांच्याही वरच्यांचा फोन, सगळे घरतांच्या खुर्चीभोवती जमले. घरतांनी डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांची सवय बोटांत उतरली. ‘अंशतः खरे आहे. सदर ग्रामस्थ पडले हे खरे आहे. तथापि ते साकवावरून पडल्याचे आढळून येत नाही. साकवाची आवश्यक ती दुरुस्ती लवकरच करण्यात येईल.’

शब्द न् शब्द खरा होता. काळूराम साकवावरून पडलाच नव्हता, पडणार कसा. साहेबांनी घरतांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसाठी भजी मागवली. घरतांनी भजी खाल्ली नाहीत. ॲसिडिटीचं कारण सांगितलं.

प्रश्न सभागृहात लागायचा त्या दिवशी काळूराम मोबाइल समोर धरून बसला होता. प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला आणि लगेच कुणी कुणाबद्दल काय बोललं यावरून गदारोळ झाला. कामकाज तहकूब, पुन्हा सुरू, पुन्हा तहकूब. चिंचखारचा क्रमांक फार मागे होता. तिथवर कुणी पोहोचलंच नाही, आणि उत्तर नुसतं सभागृहाच्या पटलावर ठेवलं गेलं. प्रश्न विचारणारे आमदार मात्र त्या दिवशी मन लावून हजर होते. फक्त ते समोरच्या बाकांवर बसले होते. विकासासाठी त्यांनी आदल्याच आठवड्यात बाजू बदलली होती, आणि सरकारला जाब विचारणं आता त्यांना घरच्या माणसावर ओरडल्यासारखं वाटत होतं.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण ‘लवकरच करण्यात येईल’ हे मंत्र्यांनी सभागृहाला दिलेलं आश्वासन ठरतं, आणि दिलेली आश्वासनं पाळली जातात की नाही हे बघायला आमदारांची समिती असते. त्या समितीच्या सगळ्या सदस्यांना नवा विमानतळ बघायचा होता. दौऱ्यासाठी या भागातलं एखादं न पाळलेलं आश्वासन हवं होतं. शोधल्यावर चिंचखारचं सापडलं.

समिती आली तेव्हा गाड्यांची रांग विश्रामगृहाच्या फाटकाबाहेरपर्यंत गेली होती. सकाळी विमानतळ झाला. दुपारी खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या; एका सदस्यांनी जिताडा कसा ओळखावा यावर अधिकाऱ्यांची इतकी कसून उलटतपासणी घेतली, की पाहणारा म्हणेल, लोकशाही अजून जागी आहे. चिंचखारला प्रत्यक्ष जायचं होतं, पण जेवणं लांबली आणि वाटेत चिखल असल्याचं कळलं. म्हणून चिंचखारलाच विश्रामगृहात बोलावण्यात आलं. काळूराम कुबड्या टेकत आत आला; हाड नीट जुळलं नव्हतं म्हणून पाय पुन्हा प्लास्टरमध्ये होता.

टेबलाच्या एका बाजूला समिती, समोर अधिकारी, अधिकाऱ्यांच्या मागे भिंतीला पाठ लावून फायली धरलेले तुळशीराम. आजारपणात डबा आणणारा भाऊ इथं का उभा आहे, ते काळूरामला आधी समजेना. अध्यक्षांनी छापील उत्तर वाचून दाखवलं. ‘साकवावरून पडल्याचे आढळून येत नाही’, इथवर अध्यक्ष आले तेव्हा साहेबांनी मान मागे वळवून तुळशीरामांकडे बघितलं, आणि काळूरामला सगळं समजलं.

अध्यक्षांनी विचारलं, बाबा, तुमचा पाय नक्की कशानं मोडला.

काळूराम त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो म्हणाला, “माजा पाय कसा मोडला ता याला इचारा. माजा भाव हाय यो. यानंच लिवलाय.”

विचारल्याशिवाय कनिष्ठ माणसानं समितीपुढं तोंड उघडायचं नसतं. पण अध्यक्षांची नजर आता तुळशीरामांवर होती, म्हणजे विचारल्यासारखंच होतं. साहेब पुटपुटले, अंशतः म्हणा, अंशतः. तुळशीरामांच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. समोर भावाच्या प्लास्टरवर गावातल्या पोरांनी पेनानं मासे काढलेले दिसत होते.

ते म्हणाले, “साहेब, चिंचखारला साकव नाही. कधी बांधलाच नाही. लोक खांबावरून जातात. मीही गेलोय. दोन्ही उत्तरं मी लिहिली.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इतकं आखूड उत्तर दिलं होतं.

समितीत एकदम चैतन्य आलं. इतका वेळ सुपारी चघळणारे सदस्य ताठ झाले. सभागृहाची दिशाभूल, हक्कभंग, फौजदारी, असे शब्द फुटले. अध्यक्षांनी बाहेरच्यांना बाहेर काढलं आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसह दार बंद केलं. आत काय झालं हे कुणाला माहीत नाही. दार उघडलं तेव्हा सगळे हसत बाहेर आले, आणि गाड्यांमध्ये आंब्याच्या नव्हे, कसल्यातरी दुसऱ्या पेट्या चढल्या; आंब्याचा तो हंगाम नव्हता.

समितीचा अहवाल यथावकाश आला. साकव न बांधणारे, तो बांधला म्हणून लिहून देणारे, त्यावर सह्या करणारे आणि ते वाचून दाखवणारे या सगळ्यांचा बारकाईनं विचार करून समितीनं जबाबदारी निश्चित केली होती. उत्तराचा मसुदा करणाऱ्या ज्येष्ठ सहायकानं वरिष्ठांना अंधारात ठेवलं, सबब त्याच्यावर कारवाई व्हावी. घरत निलंबित झाले. साहेबांची बढती रखडली होती, ती त्याच महिन्यात झाली.

साकवाचं काय करायचं हा मात्र पेच होता. दप्तरी साकव पूर्ण होता, त्यामुळे नवा बांधायला परवानगी मिळेना. शेवटी दुरुस्तीचं काम काढलं. दुरुस्ती इतकी कसून झाली की साकव उभाच राहिला. उद्घाटनाला बाजू बदललेले आमदार आले आणि जनतेचा आवाज सभागृहात पोचवण्याबद्दल बोलले. काळूरामच्या गळ्यात हार घालायचं ठरलं होतं, पण तो आला नाही.

तुळशीराम घरी बसून होते. सकाळी उठून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचत. जुन्या सहकाऱ्यांचे फोन आधी कमी झाले, मग अधिवेशनाच्या तोंडावर अचानक वाढले; नव्या माणसाला वाक्यं जमत नव्हती. एखादं सुचवा ना, म्हणून गळ घालत. ते म्हणायचे, जे असेल ते लिहा. पलीकडच्याला वाटायचं, माणूस खचला. पुढे त्यांना कामावर परत घेतलं, ते उरणला, जन्ममृत्यूच्या नोंदींवर. त्या टेबलावर कुणी अंशतः मरत नाही, असं ते माधुरीला म्हणाले. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

विश्रामगृहातल्या त्या दिवसापासून काळूराम त्यांच्याशी बोलला नव्हता. थंडीत एका रविवारी दाराची बेल वाजली. माधुरीनं दार उघडलं तर काळूराम जिना चढून धापा टाकत उभा, एक पाय जरा वाकडा, हातात निवट्यांनी भरलेली पिशवी. खाडीतला हा मासा तुळशीरामांना लहानपणापासून आवडायचा. माधुरीनं मसाला वाटायला घेतला. भाऊ दोघं खिडकीशी बसून राहिले. इमारतीवरून विमान गेलं, तेव्हा दोघांनी वर बघितलं.

जेवताना काळूराम म्हणाला, “इतकी वर्सं तू कचेरीत काय करतोस ता मना कललाच नवता.”

तुळशीरामांनी टोपातला मोठा निवटा शोधून भावाच्या ताटात वाढला आणि भाकरी त्याच्या बाजूला सरकवली.