गोचिडांचा दवाखाना

घाटनांदूरजवळच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप अंगावर चढतात. मी इथला डॉक्टर. सोबत जखमा बांधणारे, इंजेक्शनला जनावर धरणारे आमचे विठ्ठलमामा. आणि आम्हा दोघांची कायमची दुश्मन म्हणजे गोचीड! जनावराचं रक्त पिते ते पिते, वर ताप देऊन जाते. जर्सीसारख्या संकरित गाईला तो ताप चढला आणि चार दिवस अंगावर काढला, की गाय गेलीच समजा. त्यामुळं आमच्याकडं प्रत्येक किस्सा सुरू होतो तेव्हा कुणालाच हसू येत नसतं.

*

पहिला मामांचाच सांगतो.

गोचीड उपटायची आणि अंगठ्याच्या नखावर टचकन फोडायची, ही मामांची जुनी सवय. मी शंभरदा सांगितलं, "मामा, चिमटा घ्या, हातमोजे घाला." मामा म्हणायचे, "साहेब, माझं कातडं बैलाचं हाय!"

एकदा मामांना सणकून ताप भरला. चार-पाच दिवस गोळ्या खाल्ल्या, उतरेना. मग तळहातावर, तळपायावर लाल पुरळ उठलं. मामी घाबरल्या आणि त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पुरळ बघितलं आणि विचारलं, "काका, काम काय करता?"

"सरकारी नोकरी हाय."

"हो, पण तिथं करता काय?"

"सही!"

मामींचा धीर सुटला. "अवो, कावून लपवायलेत? डाक्टरीणबाई, गोचिडं फोडतेत ह्ये! नखावर! दिसभर!"

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. गोचिडांपासून माणसालाही ताप येतो, त्याचं औषध वेगळं असतं. लगेच औषध बदललं आणि तिसऱ्या दिवशी मामा खाटेवर बसून भाकरी मागायला लागले.

आता दवाखान्याच्या भिंतीवर गोचिडांचं सरकारी पोस्टर आहे, त्याच्याकडं कुणी बघत नाही. शेजारी मामांनी स्वतःचं डिस्चार्ज कार्ड चिकटवलंय. गर्दी तिथं असते!

*

दुसरे आमचे दगडूबुवा. गाईवर औषध फवारून गेले आणि पंधरा दिवसांत परत आले. "साहेब, औषध नकली हाय तुमचं. गोचिडं हायेत तितकीच हायेत!"

"गोठ्यात फवारलं का?"

"गोठ्याला कुठं ताप आलाय?"

मी गाडी काढली आणि त्यांचा गोठा गाठला. जुनी दगडी भिंत. स्क्रू ड्रायव्हर घेऊन एका फटीत खरवडलं, खाली कागद धरला. भसाभस गोचिडं पडली! बारकी, मोठी, फुगलेली, अंडी घातलेली. दगडूबुवा डोळे फाडून बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"साहेब, ह्ये तर माझ्या आधीपासून ऱ्हायलेत हितं!"

दुसऱ्या दिवशी बुवांनी साऱ्या फटी लिंपून घेतल्या, गोठा फवारला, वर गोचिडं टिपायला कोंबड्या सोडल्या. आता गाय दोन्ही वेळेला भरपूर दूध देते आणि बुवा गल्लीभर स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरतात.

*

एक बारका किस्सा. गोचिडांच्या एका आजारात जनावराची लघवी लाल होते. एकाला मी फोनवर म्हटलं, "नमुना घेऊन या." गडी आला, टेबलावर बाटली ठेवली आणि टेम्पोतून गाय उतरवायला बाहेर गेला. बाटली होती गुलाब सरबताची. उन्हाळा कडक. मामांनी बाटली उचलली, दोन ग्लास मांडले आणि मला हाक मारली, "साहेब, लोक लई मायाळू हायेत आपले!"

मी दारातूनच ओरडलो. ग्लास रिकामे राहिले, आजार त्या बाटलीनंच पकडला, गाय वाचली. मामा मात्र लग्नाकार्यातसुद्धा सरबत घेत नाहीत.

*

आता आबांचा. आबा म्हणजे गावचे पुढारी. आमचं ठरलं होतं की एकाच दिवशी सगळ्या गावातले गोठे फवारायचे, कारण एक जरी सुटला तरी गोचिडं परत सगळीकडं. बचत गटाच्या बायांनी पंपसुद्धा जमवले. आबा एकटे आडवे. "आमच्या गोठ्यात टाईल्स हायेत. गोचीड दावा, मिशी उतरवतो!"

सभा भरली. आबा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात भाषणाला उभे राहिले. भाषण रंगात आलं, आणि बाहीवरून एक टपोरी गोचीड संथपणे वर चढायला लागली. पहिल्या रांगेतल्या कौसाकाकू म्हणाल्या, "आबा, पाहुणी आलीय बघा!"

सगळं गाव फुटलं हसून. पण आबा पुढारी! त्यांनी गोचीड रुमालात धरली, उंच केली आणि गरजले,

"ह्येच दाखवायला आणलीय मी! फवारणीची सुरुवात आपल्या गोठ्यापासून!"

त्या वर्षी गावात गोचीडतापानं एकही गाय दगावली नाही. मिशीपण शाबूत आहे.

*

आणि हा शेवटचा. केज रस्त्याच्या वस्तीवर रुक्मिणबाई राहतात. दरसाल पाच महिने ऊसतोडीला जातात. जायच्या आधी बैल फवारून घ्यायला आल्या होत्या. मी एक आजारी गाय तपासत होतो.

"साहेब, खांद्याम्होरं काय चापसताव?"

मी त्यांचा हात गाईच्या खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठीवर ठेवला, मग दुसऱ्या चांगल्या गाईवर ठेवला. "हिला लिंबाएवढी, तिला न्हाईच की!" त्या म्हणाल्या. मग आवारातली एकूण एक गाय त्यांनी चाचपून बघितली आणि माझा नंबर मोबाईलमध्ये घेतला.

पुढचं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. दुसऱ्या जिल्ह्यात त्यांची टोळी ज्या बागायतदाराच्या रानात उतरली होती, त्याची दुभती गाय चारा सोडून उभी होती. मालक म्हणत होता, उन्हानं झालंय. रुक्मिणबाईंनी खांद्यापुढं हात घातला. "मालक, गोचीडताप हाय. आजच रगत तपासा."

"तू कोयता चालव बाई. तुला काय कळतंय?" मालक हसला.

"दात काढा खुशाल. पर डाक्टर बोलवा. न्हाईतर गाय जाईल." असं म्हणून त्या हलेनातच! शेवटी मालकानं फोन लावला. डॉक्टर आले तेव्हा टोळी फडात गेली होती. रक्त तपासलं, गोचीडतापच निघाला. इंजेक्शन वेळेत पडलं आणि तिसऱ्या दिवशी गाय वैरणीला लागली. एवढ्या लवकर कसं ओळखलं, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मालकाला खरं सांगायची लाज वाटली. म्हणाला, "बीडकडच्या रुक्मिणी मॅडम आल्यात." आणि रुक्मिणबाईंकडून माझा नंबर घेऊन, मॅडमच्या दवाखान्याचा म्हणून डॉक्टरांना दिला.

मला फोन आला तो तेव्हाच, रुक्मिणबाई अजून तिकडंच होत्या. "सर, नमस्कार. तुमच्याकडं रुक्मिणी मॅडम म्हणून कुणी डॉक्टर आहेत का? फार अचूक निदान केलंय हो त्यांनी!"

मी म्हटलं, "आहेत की. पण सध्या पाच महिने रजेवर आहेत."