एका ग्लासातली दोन दुखणी

"मॅडम, तुम्हाला दूध पचत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "याला लॅक्टोज इन्टॉलरन्स म्हणतात."

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला तेव्हा सात आठवडे झाले होते. आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात बसलो होतो. माझ्या बाजूच्या खुर्चीवर माझे यजमान प्रभाकरराव होते. आमच्या घरी दोन म्हशी. त्यांची धार हा माणूस स्वतः काढतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. डॉक्टरांचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, जसं कोणी घरातल्या माणसाची तक्रार केली.

"घरचं दूध हाय सर," ते म्हणाले. "पाण्याचा थेंब नाई त्यात."

"दूध उत्तमच असेल. यांच्या आतड्याला ते आता झेपत नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आधी नवल वाटलं. सेहेचाळीस वर्षं जे दूध मी पीत आले, ते एका ऑपरेशनने परकं कसं झालं?

मी दर्यापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. ऑपरेशनच्या आधी माझं वजन एकशे एकोणीस किलो होतं. साखरेसाठी दिवसातून दोनदा इन्सुलिन घेत होते. फळ्यासमोर दहा मिनिटं उभी राहिले की गुडघे बोलायचे. वर्गात खुर्चीवर बसून शिकवणारी बाई म्हणून मुलं मला ओळखायची.

ऑपरेशन ठरलं तेव्हा कापसाला अन् सोयाबीनला भाव नव्हता, गावोगावच्या वाईट बातम्या रोज पेपरात यायच्या. स्टाफरूममध्ये एक सहकारी माझ्यासमोरच म्हणाले, "इकडं लोकाइले दोन टाइम पोटभर भेटत नाई, अन् बाई कमी खाण्यासाठी पोट कापून राहिल्या." ते बोलणं मला लागलं, कारण तीच गोष्ट मी स्वतःला कितीदा म्हटली होती. पण उपासमार जसं खरं दुखणं आहे तसेच माझी साखर अन् माझं वजन हेही आजारच होते, हे समजायला मलाच खूप वर्षं लागली होती.

माझं ऑपरेशन गॅस्ट्रिक बायपास होतं. म्हणजे जठराचा वरचा भाग लिंबाएवढा वेगळा करतात, अन् आतड्याचा सुरुवातीचा तुकडा वगळून पुढचा भाग त्याला जोडतात. खाणं थोडं जातं अन् जवळच्या रस्त्याने जातं. पहिले काही दिवस नुसतं पाण्यासारखं पातळ, मग थोडं दाटसर, मग कुस्करलेलं, मग मऊ अन्न. या सगळ्या काळात शरीर स्वतःचे स्नायू खाऊ नये म्हणून प्रोटीन पोटात जावंच लागतं.

आहारतज्ज्ञ शबाना मॅडम अकोल्याच्याच. त्यांनी मला प्रोटीन पावडरचा डबा दाखवला. "रोज साठ ग्रॅम प्रोटीन. पावडर दुधात घालायची, एकेक घोट, अर्धा-पाऊण तास लावून. जेवणासारखं समजा ताई, औषधासारखं नका समजू."

घरी आल्यावर प्रभाकररावांनी ते काम अंगावर घेतलं. सकाळची धार काढायची, दूध तापवून गार करायचं, साय काढायची, चॉकलेटच्या चवीची पावडर घोटून स्टीलचा ग्लास माझ्यापुढे ठेवायचा अन् मग शेतावर जायचं.

पहिल्याच दिवशी पाव ग्लासात छाती धडधडायला लागली. कपाळावर घाम, अंग इतकं गळालं की आडवं व्हावं लागलं. ते शमतं न शमतं तोच पोटात ढग गडगडल्यासारखा आवाज, कळ, अन् मग संडासाच्या फेऱ्या. टाका उसवला असेल, या भीतीने मी रडले. दवाखान्यात फोन केला. ताप नाही, उलटी नाही, म्हणून त्यांनी सावकाश प्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

त्यानंतर मी जे केलं ते तुमच्यापैकी कोणी करू नये म्हणूनच लिहिते आहे. प्रभाकरराव शेतावर गेले की मी ग्लास मागच्या अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतायची. दोन घोट ठेवून ओठांना लावायची, म्हणजे ग्लास पिऊन झाल्यासारखा वाटावा. बाकी दिवसभर वरणाचं पाणी अन् ताक, तेही चमच्याने.

वजन भराभर उतरत होतं, येणारी-जाणारी कौतुक करत होती. पण कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. खडू धरताना बोटं थरथरायची. शाळेत रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी उभ्या उभ्या खाली बसले.

त्या संध्याकाळी प्रभाकरराव मागच्या अंगणातून आत आले.

"लिंबाजोळ मुंग्याच मुंग्या हायेत," ते म्हणाले. "तू कोणाले पाजून राहिली वं ते दूध?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "मले काहून नाई सांगितलं?" एवढंच विचारलं.

"तुमी पहाटे उठून करता," मी म्हटलं. "कसं सांगू?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे शरीरातल्या प्रोटीनचा अंदाज देणारा घटक, बराच खाली आला होता. डॉक्टर म्हणाले, याहून खाली गेलं तर भरती करून नळीने पोषण द्यावं लागेल. अन् मग ते दुधाचं सांगितलं.

त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती तोडायला लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं, ते लहान आतड्याच्या अस्तरात असतं. वय वाढतं तसं ते आपल्याकडे पुष्कळांत कमी होतच असतं, पण पोट सावकाश काम करतं तोवर कळत नाही. आता दूध घाईने पुढे पळतं, आतड्याचा एक तुकडाही वगळलेला. न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू ती आंबवतात. म्हणून गॅस, म्हणून कळ.

हा धडा मी दहा वर्षं मुलांना शिकवत होते. स्वतःच्या पोटात तो पहिल्यांदा वाचला.

शबाना मॅडमनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला शिकवली. पावडर दुधाच्या निवळीपासून, म्हणजे व्हेपासून करतात. व्हे कॉन्सन्ट्रेट लिहिलं असेल तर त्यात दुधातली साखर राहते, व्हे आयसोलेट असेल तर जवळजवळ निघून गेलेली असते. माझ्या डब्यात पहिली होती. "दोन हप्ते दूध पूर्ण बंद," त्या म्हणाल्या. "आयसोलेट पाण्यात घ्या. अन् रोज लिहून ठेवा. काय घेतलं, किती वाजता, अन् कितने बजे तकलीफ हुई."

लिहिणं माझ्या सवयीचं. शाळेची एक कोरी प्रयोगवही काढली.

आठ दिवसांत एक गंमत दिसली. संडासाच्या फेऱ्या थांबल्या होत्या. पोटाचा गडगडाट गेला. पण धडधड अन् घाम तसाच होता, रोज, पिणं सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत. म्हणजे इतके दिवस मी जे एक दुखणं समजत होते ती दोन होती. एक पंधरा मिनिटांनी येणारं, दुसरं तासा-दीड तासाने. दुधाने होणारं गेलं होतं. मग हे पहिलं कशाचं?

त्या रविवारी प्रभाकरराव मोर्शीला नात्यातल्या लग्नाला गेले. ग्लास मीच केला. तीच पावडर, तेच पाणी, तेवढाच वेळ. काहीच झालं नाही. मी घड्याळासमोर तासभर बसून राहिले, तरी काही नाही.

सोमवारी त्यांनी केला, अन् सतराव्या मिनिटाला घाम फुटला.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "यात तुमी काय घालता?"

त्यांनी वही वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग खाली पाहत म्हणाले, "दोन चमचे साखर."

"साखर? मला?"

"पहिल्याच दिवशी वास घेऊन तू तोंड वाकडं केलं होतं. वाटलं, गोड लागलं तर जाईन पोटात. दोन चमच्यानं काय होते म्हटलं."

पावडर मुळातच गोड, म्हणून मला चव कळली नव्हती. मुंग्यांवरून तरी कळायला हवं होतं. बायपासनंतर साखर एकदम आतड्यात उतरली की तिच्या मागे शरीर पाणी ओढून आणतं, छाती धडधडते, घाम येतो. त्याला डम्पिंग म्हणतात. हे ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात सांगितलेलं होतं. मी ऐकलं होतं, प्रभाकरराव तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते.

मला हसू आलं, अन् मग रडूही. एका घरात मी दूध लपवून ओतत होते अन् ते साखर लपवून घालत होते, दोघंही एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून. अन् त्यात मी प्रार्थनेला कोसळले.

"आता वहीत लिहून घालत जाईन," ते म्हणाले.

दोन हप्त्यांनंतर एकेक पदार्थ परत आणून पाहिला. पनीर चाललं. दही चाललं, कारण विरजणाने दुधातली साखर आधीच बरीच खाल्लेली असते. दूध दोन चमचे चाललं, अर्धी वाटी नाही. चॉकलेटची पावडर सोडून बिनचवीची आणली अन् गार पाण्यात जिरेपूड, चिमूट मीठ घातलं. ताकासारखी लागली. तिवशाहून माझ्या भावाने सोयाबीन पाठवलं. आमच्याकडे पेरतात सगळे, खात कोणी नाही. भाव नाही म्हणून पोती घरात पडली होती. रात्रभर भिजवून, सालं काढून, खूप शिजवून मी त्याचं दूध केलं. पहिल्यांदा सालं राहिली तर पोट फुगलं. दुसऱ्यांदा नीट झालं.

माझ्या पोटाला चाललं ते तुमच्या पोटाला चालेलच असं नाही. मी प्रत्येक वेळी शबाना मॅडमना विचारून करत होते. एवढंच सांगते, की एखादी गोष्ट सोसत नसेल तर ती ओतून देऊ नका, सांगा. आपलं पोट हट्टी नसतं, ते काहीतरी बोलत असतं. अन् घरात ग्लास भरणाऱ्या माणसालाही डॉक्टरांसमोर बसवा.

चार महिन्यांनी अल्ब्युमिन जागेवर आलं. इन्सुलिन त्याआधीच सुटलं होतं. डॉक्टरांनी वही चाळली अन् विचारलं, "याची झेरॉक्स ठेवू का?"

परतताना अकोल्याच्या स्टँडवर दर्यापूरची एसटी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो होतो. अचानक पोटात एक ओढ जाणवली. मी सावध झाले, सवयीने घड्याळ पाहिलं. पण धडधड नव्हती, कळही नव्हती. हे काय आहे ते मला थोड्या वेळाने उमगलं. ऑपरेशन झाल्यापासून मी घड्याळ लावून खात होते.

"काय झालं वं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मले भूक लागली."

त्यांनी डबा काढला. मूगडाळीचं एक धिरडं होतं. मी चतकोर तुकडा तोडला अन् सावकाश चावत राहिले. गाडी लागली तरी त्यांनी मला उठवलं नाही.